मालवणातली खडपावरची गळाची ट्रिप: गोब्रा नुसता पकडून नाही, ओळखून देणारी बोट

सरळच सांगते. पैसे देऊन बोटीवरून गळाला जायचं असेल आणि सुरमई-बांगड्यापेक्षा खडपावरच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवरच्या, गोब्र्यांत (ग्रुपर माशांत) तुमचा जीव असेल तर मालवणातून सुटणारी ही बोट मला आजवरच्या सगळ्या बोटींत जास्त आवडलीय. मासे किती लागतात हे त्याचं कारण नाही, मासे इतर बोटींवरही लागतात. कारण हे की इथे गोब्रा वर आला की तो नेमका कुठला हे बघितल्याशिवाय बर्फाच्या पेटीत जात नाही. बोट चालवणारे तांडेल काका स्वतः बघतात, तुम्हालाही बघायला लावतात, फळीवर ठेवून मापतात आणि मग ठरतं ठेवायचा का सोडायचा. घरचा धंदा आहे, काका आणि त्यांचा मुलगा एवढेच, आणि नाव-नंबर कुठे टाकू नका असं त्यांनी सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण मालवणात जेट्टीवर गोबरो मापून सोडणारी बोट खयची असं विचारलंत तर कोणीही दाखवेल.

आता बरेच जण म्हणतात की गोब्रा तो गोब्रा, कोणी हेकरू म्हणतं कोणी गोबरो, कालवणात सगळे सारखेच, मग ओळखायची एवढी काय पडलीय. पडलीय, कारण दिसायला सारखे असले तरी हे मासे वाढतात अगदी वेगवेगळे. आपल्याकडे जाळ्यात सगळ्यात जास्त येणारा जो पट्ट्यांचा छोटा गोब्रा आहे, स्पायनीचीक ग्रुपर, शास्त्रीय नाव एपिनेफेलस डायाकँथस, तो वाढून वाढून 55 सेंटीमीटरच्या आसपास थांबतो. म्हणजे दीड फुटाचा मिळाला तर तो पूर्ण वाढलेला, संसार करून झालेला मासा आहे. आणि त्याच मापाचा मलबार ग्रुपर मिळाला तर ते अजून पोरगं आहे, कारण तो 2 मीटरच्या वर आणि दीडशे किलोपर्यंत जाऊ शकतो. माप एकच, पण एक मासा ठेवण्यासारखा आणि दुसरा सोडण्यासारखा, आणि हे ओळख पटल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. त्यात परत जायंट ग्रुपर म्हणजे एपिनेफेलस लॅन्सिओलाटस हा 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत गेलाय, व्हेल शार्क त्याच वर्षी गेला, आणि त्याचं अर्धवट वाढलेलं पिल्लू बाकीच्या करड्या-तपकिरी गोब्र्यांमध्ये सहज खपून जातं. व्हेल शार्कबद्दल सगळ्यांना माहितीय पण गोब्र्याबद्दल विचारलं तर दहातले नऊ जण नाही म्हणतील, आणि मला वाटतं पैसे घेऊन लोकांना गळाला नेणाऱ्या प्रत्येक बोटीवर हे माहीत असायलाच हवं.

आधी व्यवहाराचं बोलून घेते. पहाटे अंधारातच निघतात, मतलई वारा असतो तोवर बाहेर पोचायचं आणि दुपारी खारा वारा जोर धरायच्या आत परतीला लागायचं असा हिशोब. फायबरची बोट, आऊटबोर्ड इंजिन, चार माणसं आरामात, पाच घेतात पण मग काठ्या एकमेकांत अडकतात म्हणून चारच जा. चार जणांत वाटलं तर माणशी साडेतीन हजारांच्या आसपास पडतं, त्यात आमिष, बर्फ, चहा आणि सकाळचे पोहे आले. लाइफ जॅकेट सगळ्यांना देतात आणि नुसतं देत नाहीत, घातल्याशिवाय इंजिन चालू करत नाहीत, हे फार आवडलं. जीपीएस आणि फिश फाइंडर दोन्ही आहे पण काका त्याच्याकडे कमीच बघतात, किनाऱ्यावरचा डोंगर आणि माड कसे एका रेषेत येतात त्यावर खडप शोधतात आणि मुलगा मग स्क्रीनवर बघून हां बरोबर म्हणतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीच्या पाण्यात गळ टाकत नाहीत. मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालंय, किल्ल्याच्या आजूबाजूचा भाग हा त्याचा गाभा, आणि काही बोटवाले पर्यटकांना खूश करायला तिथेच जवळपास दोरी सोडू देतात हे मी बघितलंय. काका तसं करत नाहीत, कोणी आग्रह केला तरी नाही. बाहेर 15 वाव म्हणजे नव्वदेक फूट खोलीच्या पुढे नेतात, कधी दक्षिणेला निवती रॉकच्या दीपगृहाच्या अंगाला, कधी सरळ पश्चिमेला. अंग्रिया बँकेवर नेता का असं दर वेळी कोणीतरी विचारतंच, तर नाही, ती जागा किनाऱ्यापासून 100 किलोमीटरहून लांब आहे, ते या आकाराच्या बोटीचं आणि एका दिवसाचं काम नव्हे, आणि जो कोणी छोट्या बोटीतून नेतो म्हणेल त्याच्याबरोबर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. मुलाने एक कार्ड बनवलंय, ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी फोटो, लॅमिनेट करून बोटीच्या फळीला दोरीने बांधलेलं. त्यावर क्रम लिहिलाय: शेपटी, मग ठिपके, मग गाल, मग पाठीवरचे काटे. एवढंच. पण हा क्रम फार विचार करून लावलाय, कारण आपण सगळे आधी रंग बघतो आणि गोब्र्याच्या बाबतीत रंग ही सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट. पाण्यातून वर येईपर्यंत अंगावर गडद पट्टे असतात, फळीवर ठेवेपर्यंत पुसट होतात, बर्फात गेला की परत वेगळाच दिसतो. काकांचं वाक्य असं, "आधी शेपटी बघा ताई, मगे ठिपके. रंगार जाव नकात, रंग फसयता."

शेपटी दोन तऱ्हेची. मागची कड गोल बाहेर आलेली, नाहीतर सरळ कापलेली किंवा किंचित आत गेलेली. एवढ्या एका गोष्टीवर अर्धे गोब्रे बाजूला होतात. गोल शेपटीत आपले मोठे होणारे सगळे येतात, ऑरेंज-स्पॉटेड, मलबार, जायंट, आणि तो छोटा स्पायनीचीकही. सरळ शेपटीत एरिओलेट, ब्राउन-स्पॉटेड आणि डस्कीटेल. शेपटी ओली करून, हाताने थोडी पसरून बघायची हे मात्र लक्षात ठेवा, मिटलेली असली की गोलसुद्धा सरळ दिसते.

सगळ्यात अवघड जोडी म्हणजे ऑरेंज-स्पॉटेड आणि मलबार, आणि या ट्रिपला जायचं खरं कारण माझ्या मते हेच. आमच्या नशिबाने एकाच खडपावर पाठोपाठ दोन्ही लागले, एक माझ्या मावसभावाच्या गळाला आणि एक माझ्या, दोन्ही कोपरापासून बोटांपर्यंत भरतील एवढे. काकांनी बोटीत भिजवलेलं गोणपाट अंथरलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. लांबून बघितलं तर सख्खे भाऊ. दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या अंगावर पुसट तिरके पट्टे, दोन्हींची शेपटी गोल, तोंडाचा जबडा तसाच मोठा. मग काकांनी तांब्याने पाणी ओतलं आणि म्हणाले आता डोक्यावर बघा. एकाच्या डोक्यावर, गालावर, पार जबड्यापर्यंत विटकरी-केशरी ठिपके, कडा मऊ, काही एकमेकांच्या इतके जवळ की चिकटतायत की काय वाटावं. दुसऱ्याच्या अंगावर केशरी काहीच नाही, ठिपके बारीक, काळपट, एकमेकांपासून सुटे, आणि त्यांच्या मधून मधून फिकट पांढुरके डाग पसरलेले. पहिला ऑरेंज-स्पॉटेड म्हणजे एपिनेफेलस कोइऑइड्स, दुसरा मलबार म्हणजे एपिनेफेलस मलबारिकस. पांढुरके डाग आहेत का नाहीत हे मला सगळ्यात सोपं वाटतं, ठिपक्यांच्या रंगावर वाद होऊ शकतो पण डागांवर फारसा होत नाही.

आणि हे सगळं मासा जिवंत असताना, पहिल्या एक-दोन मिनिटांतच बघून घ्यायचं. मेल्यावर, बर्फात पडल्यावर केशरी ठिपके हळूहळू तपकिरी होत जातात आणि मग दोघांतला फरक इतका कमी होतो की बाजारात टोपलीत पडलेल्या माशावरून छातीठोकपणे सांगणं कठीण. म्हणूनच फोटो काढायचा तर बोटीतच, ओल्या माशाचा, कडेने, पर पसरून, एक डोक्याचा जवळून आणि एक शेपटीचा. मुलगा हे फोटो स्वतः काढून देतो आणि संध्याकाळी व्हॉट्सॅपवर पाठवतो, खाली माप आणि कुठला मासा ते लिहून. ही गोष्ट मला कुठल्याच दुसऱ्या बोटीवर मिळाली नाही.

या जोडीत शास्त्रज्ञसुद्धा वर्षानुवर्षं अडकलेले होते हे सांगायला हवं. मलबार ग्रुपरला नाव मिळालं 1801 मध्ये, ब्लॉक आणि श्नायडर यांच्याकडून, आणि त्या नावात आपलाच पश्चिम किनारा आहे, मलबार. ऑरेंज-स्पॉटेडला हॅमिल्टनने 1822 मध्ये नाव दिलं, गंगेच्या माशांवर काम करताना. तरी पुढे दीडशेच्या वर वर्षं हा त्याच्या नावाने आणि तो ह्याच्या नावाने, आणि दोन्ही परत ग्रीझी ग्रुपर म्हणजे एपिनेफेलस टॉविना या तिसऱ्याच माशाच्या नावाने लिहिले जात राहिले, मत्स्यशेतीच्या कागदपत्रांतसुद्धा. रँडल आणि हीमस्ट्रा या दोघांनी 1991 मध्ये हिंदी-प्रशांत महासागरातल्या सगळ्या गोब्र्यांची नव्याने मांडणी केली तेव्हा कुठे हे नीट सुटं झालं. खरा टॉविना हा प्रवाळावरचा, स्वच्छ निळ्या पाण्यातला मासा, पाठीवरच्या शेवटच्या काट्यांच्या बुडाशी त्याच्या मोठा काळा डाग असतो. त्यामुळे जुन्या यादीत किंवा कोणाच्या तरी पोस्टमध्ये कोकणच्या खाडीत टॉविना मिळाला असं वाचलंत तर तो बहुतेक करून ऑरेंज-स्पॉटेड असणार, कारण खाडीच्या मचूळ पाण्यात पिल्लं वाढतात ती याची आणि मलबारची. कर्ली नदीच्या मुखाशी देवबागच्या बाजूला जी वीतभर पिल्लं लागतात त्यांचे ठिपके एकदा वाकून बघा.

पट्ट्यांचा छोटा गोब्रा, तो स्पायनीचीक, त्याची ओळख हाताने होते. अंगावर ठिपके नाहीत, पाच गडद उभे पट्टे, चार पाठीच्या परांखाली आणि पाचवा शेपटीच्या बुडाशी, आणि पट्टे मधल्या फिकट जागेपेक्षा रुंद. पण पट्टे तर पुसट होतात, म्हणून गाल. डोळ्याच्या मागे खाली जे गालाचं हाड आहे त्याच्या कोपऱ्यावरून बोट हळूच पुढून मागे फिरवायचं, तिथे दोन ते पाच मोठे काटे बोटाला लागतात, खवणीच्या दात्यांसारखे. बाकीच्या गोब्र्यांनाही त्या हाडाला बारीक दाते असतात पण असे सुटे, ठळक लागत नाहीत. यात एक गोष्ट काका दर वेळी सांगतात आणि ती बरोबर आहे, कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला जे चपटे तीन काटे असतात ते हे नव्हेत, ते सगळ्याच गोब्र्यांना असतात. झाकणाच्या पुढचं हाड बघायचं. हातमोजा काढून बघा, मोज्यातून कळत नाही.

सरळ शेपटीवाल्यांचं थोडक्यात. एरिओलेटचे ठिपके मोठे, डोळ्याच्या बाहुलीएवढे किंवा जास्तच, पिवळसर तपकिरी, दाटीने, आणि शेपटीच्या मागच्या कडेला पांढरी बारीक रेघ. ब्राउन-स्पॉटेडचे ठिपके त्याहून लहान, गडद आणि खूप जास्त, शेपटीला पांढरी कड त्यालाही असते म्हणून नुसत्या कडेवर जाऊ नका, ठिपक्यांचं माप बघा. हा दुसरा मोठाही जास्त होतो, एरिओलेट पाऊण हाताच्या पुढे सहसा जात नाही. डस्कीटेल मात्र पाठ करायला सोपा, अंगावर बारीक सोनेरी-केशरी ठिपके आणि शेपटीचा वरचा तिसरा हिस्सा ठिपक्यांचा, खालचे दोन हिस्से काळसर जांभळट, ठिपका एकही नाही. अंगावरचे केशरी ठिपके बघून लोक त्यालाच ऑरेंज-स्पॉटेड म्हणतात, आणि म्हणूनच शेपटी आधी.

पाठीवरचे काटे मोजायची वेळ क्वचित येते पण आली तर उपयोगी. या सगळ्या एपिनेफेलस गटाच्या पाठीवर पुढचे टणक काटे साधारण 11, आणि छोटे लालसर किंवा निळ्या रेघांचे जे हाइंड येतात, सेफॅलोफोलिस गटातले, त्यांना 9. काटे मोजताना पर मागून पुढे उचलायचा, जपून, टोकं तळहातात शिरतात.

जायंट ग्रुपर आमच्या वेळी लागला नाही, कार्डावरचा फोटोच फक्त. पण काका समजावतात ते नीट लक्षात राहिलं. अगदी लहान पिल्लू पिवळं आणि त्यावर काळे रुंद पट्टे, ते चुकायचं नाही. घोटाळा होतो तो मधल्या वयात, पिवळा जाऊन करडा-तपकिरी चितकबरा झाला की. तेव्हा डोळा बघायचा, अंगाच्या मानाने फार लहान. परांवर पिवळसर झाक आणि काळे ठिपके. आणि पाठीवरचे पुढचे काटे आखूड, मागच्या मऊ भागापेक्षा बुटके. यातलं काही जरी दिसलं तरी मासा बोटीत घ्यायचाच नाही, बाजूला पाण्यातच ठेवून गरी काढायची असा इथला नियम. वजनाचा फोटो नाही, मांडीवर घेऊन सेल्फी नाही. कायद्याने आहे म्हणून तर आहेच, पण 400 किलोपर्यंत वाढणाऱ्या माशाचं पिल्लू हातात आलंय याचा त्यांना स्वतःलाच आदर आहे, बोलताना जाणवतं.

सोडायचं म्हणजे कसं सोडायचं, हे मला या सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात मोलाचं वाटलं. खोलातून भराभर वर ओढलेल्या गोब्र्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, आणि कधी कधी पोट उलटं होऊन तोंडातून बाहेर येतं, गुलाबी फुग्यासारखं काहीतरी. तसा मासा पाण्यात नुसता टाकला तर उलटा होऊन वरच तरंगतो, खाली जाऊच शकत नाही, आणि घारी आणि उन्हं त्याचं उरलेलं काम करतात. बरेच जण ते बाहेर आलेलं टोचतात, हवा काढतो म्हणून. माझा मावसभाऊ सुरीला हात घालत होता तर काका ओरडलेच, "ता फोडू नकात, ता पोट आसा तेचा." मग त्यांनी शिशाचा मोठा गोळा काढला, त्याला एक मोठी गरी उलटी बांधलेली, उलटा काटा कानशीने घासून साफ केलेला. ती गरी माशाच्या खालच्या ओठात अडकवायची, शिसं सोडायचं, शिसं माशाला घेऊन खाली जातं. तळाच्या जवळ पोचलं की दाबाने पोटातली हवा परत आकसते, मासा सावध होतो, मग दोरीला वर एक झटका द्यायचा, घासलेली गरी आपोआप सुटते. दोरी हातात धरून मीच केलं ते, खाली गेल्यावर दोरीला दोन-तीन हिसके जाणवले, झटका दिला आणि रिकामं शिसं वर आलं. बाजारात याचं तयार यंत्र मिळतं पण हे घरच्या घरी होतं, आणि दर बोटीत असायला हवं.

आता कुठला ठेवायचा यावर माझं काकांशी थोडं वेगळं मत आहे. ते लहान सोडतात आणि मोठे ठेवतात, बहुतेक सगळे तसंच करतात. पण गोब्रे आधी मादी असतात आणि वय-माप वाढल्यावर त्यातल्या काहींचे नर होतात, म्हणजे खडपावरचे सगळ्यात मोठे मासे हे बहुतेक नर, आणि तेच सगळे काढून नेले तर मागे नुसत्या माद्या राहतात. त्यामुळे मलबार आणि ऑरेंज-स्पॉटेडमध्ये फार मोठा लागला तर तोही सोडावा आणि मधल्या मापातला एखादा ठेवावा असं मला मनापासून वाटतं. काकांना हे बोलले तर त्यांनी नीट ऐकून घेतलं, म्हणाले गिऱ्हाईक मोठो मासो सोडूक बघणा नाय. तेही खरंच. म्हणजे हे त्यांच्यापेक्षा आपल्यावर जास्त अवलंबून आहे, जाणाऱ्यावर. स्पायनीचीक ठेवा की, भरपूर येतो, चवीला काही कमी नाही, तिखल्याला तर मला तोच आवडतो, आणि मोठ्या माशाचं डोकं हवंच असेल तर ते बाजारात मिळतं.

कमी काय आहे तेही लिहिते कारण आवडलं म्हणून सगळंच छान असं नाही. कार्डावरचे फोटो सुधारायला हवेत. ऑरेंज-स्पॉटेड आणि मलबार दोन्हींचे फोटो मेलेल्या, बर्फातल्या माशांचे आहेत, म्हणजे ज्या जोडीसाठी कार्डाची सगळ्यात जास्त गरज तिथेच ते कमी पडतं, काका शेजारी नसतील तर नवखा माणूस कार्डावरून सांगू शकणार नाही. आमचे दोन्ही जिवंत माशांचे फोटो मी मुलाला वापर म्हणून दिलेत. बोटीवरची भाड्याची काठी-रील कामचलाऊ आहे, एका रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी आवळून धरणारा ब्रेक, मधेच सुटत होता आणि गोब्र्याच्या बाबतीत ड्रॅग सुटला की मासा गेलाच, तो गळ लागल्या लागल्या कपारीत शिरायला बघतो, पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला तळापासून उचलला नाही तर दोरी खडपाला घासून तुटते. स्वतःचं सामान असेल तर तेच न्या, जाड लीडर (गरीला जोडायची शेवटची दोरी) घ्या आणि जास्तीची शिशी घ्या, खडपावर अडकून जातातच. गऱ्या त्यांच्याकडे नेहमीच्या सरळ टोकाच्या आहेत. सोडायचंच असेल तर सर्कल हुक म्हणजे टोक आत वळलेली गरी जास्त बरी, ती बहुतेक ओठाच्या कोपऱ्यात बसते, पोटात जात नाही, ज्या बोटीवर मासा एवढा जपून सोडतात तिथे ही एक गोष्ट राहून गेलीय याचं वाईट वाटलं. हे बोलल्यावर मुलाने लिहून घेतलं, पुढे काय होतं बघू. सावली नाही, ताडपत्री आहे पण लावली की काठी फिरवता येत नाही. टॉयलेट नाही, बायकांनी हे धरून चाला आणि आधी विचारून घ्या, आम्हाला त्यांनी पडदा लावून सोय करून दिली पण ती सोय म्हणजे तडजोडच आहे.

तुलनेसाठी म्हणून सांगते, याच किनाऱ्यावर दुसऱ्या एका बोटीने गेले होते, नाव घेत नाही, तिथे सामान नवंकोरं, सावली, स्पीकर, सगळं होतं, पण गोब्रा वर आला की गोब्रा मिळाला म्हणून टाळ्या आणि सरळ पेटीत. वीतभर पिल्लंसुद्धा पेटीत, संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या फोटोत पेटी भरलेली दिसावी म्हणून. त्यातली किती कुठल्या जातीची होती हे त्या बोटीवर कोणालाच माहीत नव्हतं आणि विचारल्यावर तांडेल चिडला. पैसे जवळपास तेवढेच. मोबाइलवर फोटो टाकून मासा ओळखणारी अ‍ॅप्सही मी वापरून बघितलीत, गोब्रा आहे इथपर्यंत बरोबर सांगतात, पुढे एकाच माशाच्या दोन फोटोंवर दोन नावं देतात, कारण त्यांच्याकडेही शेवटी रंगच जातो, गालावरून बोट फिरवायला त्यांना हात नाही.

कोणासाठी ही ट्रिप नाही तेही स्पष्ट असू दे. पेटी भरून न्यायची असेल, पार्टी करायची असेल, दर पाच मिनिटांनी काहीतरी लागायला हवं असेल तर नका जाऊ, मधे तासभर काही लागत नाही असंही होतं आणि काका जागा बदलायची घाई करत नाहीत. लहान मुलांना नेऊ नका, बाहेर पाणी हलतं. ज्यांना बोट लागते त्यांनी आधीच गोळी घ्या. दारू बोटीवर चालत नाही, आणि ते आधी फोनवरच सांगतात.

स्वच्छ करून देण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, जेट्टीवर परतल्यावर काकी स्वतः मासा करून देतात आणि गोब्र्याची कातडी जाड असते ती काढायची का ठेवायची हे विचारून. तिरफळ घालून करायचा का असं मी विचारलं तर म्हणाल्या बांगड्याक घाल, हेका नको, ह्याका नुसतो तिखला पुरे. तसंच केलं, बरोबर होतं.

बुकिंगचं एवढंच की 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत बोट वर ओढलेली असते आणि नारळी पौर्णिमेनंतरही पाणी निवळायला वेळ लागतो, त्यामुळे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बघा. तारीख ठरवताना कॅलेंडरमधली सुट्टी बघू नका, भांगाचे म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस कुठले ते त्यांनाच विचारा आणि त्यातला दिवस घ्या. उधाणाला पाण्याला ओढ इतकी असते की शिसं तळाला टिकत नाही आणि पाणी गढूळ असलं की गोब्रा आमिषाकडे येतही नाही. शनिवार-रविवार महिनाभर आधी भरतात, मधल्या वारी दोन-चार दिवस आधी सांगितलं तरी चालतं, आणि अ‍ॅडव्हान्स अर्धा घेतात, वाऱ्यामुळे रद्द झालं तर पूर्ण परत देतात, आमच्या ओळखीतल्यांना दिलेत.